रोटाकॅप मधात चाटायची नसते

“दम्याचा पंप एकदा लागला की जन्माचा. त्यापेक्षा रोटाकॅप फोडून पावडर मधात चाटा, नाहीतर गरम पाण्यात टाकून वाफारा घ्या. काम तेच होतं. गोळी सौम्य, पंप कडक. कापराची वाफ सर्वांत उत्तम.” सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. शेजारच्या अक्कांनी तो वाचून तीन दिवस पंप बंद ठेवला. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी मध आणि वाफारा, कारण सगळ्यात घातक तेच. रोटाकॅप म्हणजे रोटाहेलर नावाच्या छोट्या यंत्रातून ओढायची औषधाची कॅप्सूल. तिच्यात लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, पावडरीत मिसळलेलं अगदी थोडं औषध असतं. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्बुटामॉलच्या कॅप्सूलमध्ये ते 200 मायक्रोग्रॅम. एवढंसं औषध थेट श्वासनलिकेत पडतं तेव्हाच पुरतं, पोटात गेलं तर त्याचा काही उपयोग नाही. ब्युडेसोनाइड हे सूज कमी करणारं स्टेरॉइड गिळलं तर त्यातलं सुमारे 90 टक्के यकृतच संपवून टाकतं. आणि वाफारा? मिठाचं पाणी उकळा, वाफ खारट लागते का? मीठ भांड्यातच राहतं. साल्बुटामॉलही तसंच तळाशी राहतं आणि रुग्ण नुसती पाण्याची वाफ ओढत बसतो. धाप लागलेल्या माणसाची ही वेळ वाया घालवणं जिवावर बेतू शकतं.

“पंप ओढूनही फरक पडत नाही” असंही त्यात आहे. फरक पडत नाही, कारण बहुतेकांना ओढायचं कसं ते कुणी दाखवलेलंच नसतं. दम्याच्या उपचारांसाठी जगभर प्रमाण मानली जाणारी ‘जीना’ची मार्गदर्शिका सांगते की 70 ते 80 टक्क्यांपर्यंत रुग्णांना इनहेलर नीट वापरता येत नाही.

रोटाहेलर असा वापरा. हात कोरडे हवेत, ओल्या हातांनी कॅप्सूल मऊ पडते. पारदर्शक टोक खाली ठेवून ती चौकोनी भोकात कडेशी सपाट होईपर्यंत दाबा. तोंडात धरायचा भाग पकडून खालचा भाग अडेपर्यंत फिरवा. अर्धवट फिरवला तर कॅप्सूल उघडतच नाही. मग तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा. यंत्रात फुंकलं तर श्वासातल्या ओलाव्याने पावडरीच्या गुठळ्या होतात. ओठ घट्ट मिटा आणि पहिल्या क्षणापासून जोरात, खोल ओढा. पावडर उडवायला तिथे गॅस नाही, तुमच्या श्वासाचाच जोर आहे. 10 सेकंद श्वास रोखा. आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा.

फवाऱ्याच्या पंपाचं नेमकं उलटं. तो हलवायचा आणि श्वास 3 ते 5 सेकंद सावकाश घ्यायचा. जोरात ओढला की औषध घशावरच आदळतं. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावा. घरात दोन्ही प्रकारचे पंप असले की लोक एकाची रीत दुसऱ्याला लावतात. बरंच औषध इथेच फुकट जातं.

मागाजवळ रोटाहेलर उघडा ठेवू नका, जाळीत कापसाचे तंतू अडकतात. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या.

“गोळी सौम्य” म्हणे. साल्बुटामॉलची 4 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे 20 रोटाकॅपइतकं औषध, तेही सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळेच.

व्यसनाचं म्हणाल तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. तात्पुरता आराम देणारा साल्बुटामॉलचा निळा पंप एकटाच वापरत राहणं वाईटच. 2019 पासून जीना त्याची शिफारस करत नाही. वर्षात 3 किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर दम्याच्या मोठ्या झटक्याचा धोका वाढतो. पण त्यावर उपाय आहे तो सूज कमी करणारं स्टेरॉइडचं औषध नियमित ओढण्याचा, पंप फेकण्याचा नाही. त्या औषधाने तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, आवाज बसू शकतो, हेही खरं. दर वेळी चूळ भरून थुंका.

राहिला कापूर. तो लहान मुलांच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते. तो घरात वर ठेवा.

अक्का, पंप आजच सुरू करा, आणि पुढच्या तपासणीला रोटाहेलर बरोबर नेऊन डॉक्टरांसमोर ओढून दाखवा. बोलताना एक वाक्यही पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर निळा पंप ओढत ओढतच 108 ला फोन लावा.