ठाण्यात राहून भटका नायक कसे व्हावे

ठरवलंत ना? मग आता मागे हटू नका. इतकी वर्षं थ्रिलर वाचून तुमच्या लक्षात आलंय की आपला जन्म हप्ते भरण्यासाठी नाही. ली चाइल्डच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा नायक जॅक रीचर बघा. घर नाही, गाडी नाही, साहेब नाही, बायको नाही, फोन नाही. खिशात घडीचा टूथब्रश, पासपोर्ट आणि एटीएम कार्ड. गावात येतो, गुंडांची हाडं मोडतो, काळी कॉफी पितो आणि पुढच्या बसने निघून जातो. आणि तुम्ही? कापूरबावडीला त्याच कंटेनरच्या मागे पाऊण तास बसून आहात. म्हणून हे मार्गदर्शन. फुकट आहे, घ्या.

सुरुवात शरीरापासून. रीचर सहा फूट पाच इंच, वजन अडीचशे पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो. यातलं वजन तुम्हाला जमेल. उंचीचं मात्र बघा काहीतरी, कारण २०१२च्या सिनेमात टॉम क्रूझला घेतलं तेव्हा वाचकांनी त्यालासुद्धा सोडलं नव्हतं.

कपडे. रीचर स्वस्तातले कपडे घेतो, तीन-चार दिवस वापरतो आणि कचऱ्यात टाकून नवे घेतो. तुम्ही गोखले रोडवर पँट घ्याल, ती लांबीला जास्त होईल, शिंपी म्हणेल गुरुवारी या. म्हणजे गुरुवारपर्यंत भटकंती स्थगित. आणि जुनी पँट फेकायची म्हणता? बोहारणीसाठी बांधून ठेवलेल्या गाठोड्यातले कपडे तुम्ही कचऱ्यात टाकलेत हे घरी कळल्यावर जी मारामारी होईल, ती लिहायची ताकद अजून कुठल्या लेखकात आलेली नाही.

प्रवास. १९९७च्या पहिल्याच कादंबरीत रीचर जॉर्जियातल्या एका आडगावापाशी बस थांबवून उतरतो. कारण काय, तर ब्लाइंड ब्लेक नावाचा जुना ब्लूज गायक तिथे वारला होता असं भावाने कधीतरी कळवलेलं असतं. एवढ्यावर पावसात मैलोन् मैल चालतो, अंडी-कॉफी मागवतो आणि खुनाच्या संशयावरून पकडला जातो. तुम्ही खोपटला जा. येईल त्या एसटीत चढा. कंडक्टर विचारेल, "कुठलं?" खिडकीबाहेर नजर लावून सांगा, "रस्ता नेईल तिकडचं एक द्या." पुढचा संवाद इथे छापण्यासारखा नाही. सुट्टे ठेवा.

आहार: मामलेदारची तिखट मिसळ, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. नाक पुसायचं नाही.

मारामारी पाच जणांशी एकट्याने करायची असते. रिक्षावाल्यापासून सुरुवात करू नका, त्याच्यामागून अख्खा स्टँड येतो.

फोन टाकून द्या. ओटीपी बायकोच्या नंबरवर येतीलच.

मुक्काम हा जरा नाजूक विषय आहे. रीचर मोटेलच्या रजिस्टरात जुन्या बेसबॉलपटूंची नावं लिहून रोख पैसे देतो. तुम्ही लॉजवर झोकात 'चंदू बोर्डे' लिहून बघा. आधारची झेरॉक्स मागतील, दोन्ही बाजूंची. भाड्याने घर घ्यावं म्हणाल तर अकरा महिन्यांचा करार, पोलिसांत भाडेकरूची नोंद, आणि त्याआधीच "बॅचलरला देत नाही" हे वाक्य. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात तर गेटवरचा वॉचमन नाव, फ्लॅट आणि मोबाइल नंबर विचारणार. मोबाइल नाही? मग उभे राहा पार्सलवाल्या पोरांच्या रांगेत. खलनायक वर सहाव्या मजल्यावर निवांत चहा पितोय आणि नायकाला अॅप्रूव्हल मिळत नाहीये.

आता मुख्य धडा, गाव वाचवणे.

या कादंबऱ्यांमधलं गाव नेहमी एका साच्यातलं. धनदांडगा माजलेला, पोलीस विकले गेलेले, उरलेली माणसं मान खाली घालून आपापल्या दुकानात. चार जणांनी एकत्र बसून बोलावं हे तिथे कुणाला कधी सुचत नाही. सुचलं तर चाळिसाव्या पानावर कादंबरी संपेल आणि प्रकाशक रडेल. म्हणून बाहेरून एक माणूस येतो. त्याला ना तक्रार अर्जाची पोच लागते, ना पुढची तारीख. त्याचा न्याय रविवारी रात्री सुरू होतो आणि मंगळवारी पहाटे पुरा होतो. हे वाचताना जे बरं वाटतं ते खरं आहे, माझाही त्यावर आक्षेप नाही. मीही ही पुस्तकं लोकलमध्ये उभ्याने वाचलेली बाई आहे. दिवसभर सतरा जणांना "हो हो, बघते" म्हणून आल्यावर कुणालाच काही न म्हणणारा माणूस आवडतो. त्याला कुणाची आई हॉस्पिटलात न्यायची नसते, कुणाच्या क्लासची फी भरायची नसते.

पण तो मंगळवारी निघून गेल्यावर काय होतं, ते पुस्तकात का नसतं? गोदाम जळलेलं, पाच-सहा प्रेतं पडलेली. पंचनामा कोण करतं? पंच म्हणून सही कोण करतं? आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टात हेलपाटे? ज्या बाईने त्याला आसरा दिला, ती त्याच गावात राहणार, त्याच धनदांडग्याच्या पुतण्याच्या शेजारी. रीचरराव तोवर दुसऱ्या राज्यात तिसरा कप घेतायत. डॅशिएल हॅमेटने १९२९च्या कादंबरीत असाच एक बिननावाचा माणूस सडक्या शहरात सोडला होता, पण तो निदान डिटेक्टिव्ह एजन्सीचा नोकर होता. वर ऑफिसला रिपोर्ट लिहावे लागायचे, खोटे का होईना.

आमच्या सोसायटीत हे सगळे धडे गिरवून तयार झालेले एक गृहस्थ आहेत. वर राहतात, पुस्तकांची भिंत आहे घरात, इंग्रजी सगळी. टँकरच्या नोंदवहीत गडबड आहे हे मला गेल्या महिन्यात दिसलं. नोंदी आहेत, सह्या नाहीत, आणि टाकी तर सकाळी सातलाच खडखडाट करते. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय हे सांगायला नको. मी ग्रुपवर फोटो टाकले. रात्री पावणेबाराला यांचा मेसेज: "एका माणसाने ठरवलं तर सगळी सिस्टिम सरळ होते." पुढे मुठीचं चित्र. त्यावर अंगठे किती आले म्हणता!

सकाळी मी दार वाजवलं. म्हटलं, दादा, चला, तुम्हीच ते एक. तासभर खाली उभे राहू, येतील ते टँकर मोजू, सही करू. तर हे पायजम्यात, बोट पुस्तकात खुपसलेलं. "मॅडम, मी कुठल्या कमिटी-बिमिटीत पडत नाही. माझा स्वभाव एकट्याचा आहे." आतून वहिनी बादल्या भरत होत्या, त्यांचा स्वभाव कुणी विचारला नव्हता. मग सभा लावली. गणपूर्ती नाही, सभा अर्धा तास तहकूब, अर्ध्या तासाने त्याच रिकाम्या खुर्च्यांपुढे पुन्हा सुरू. हे आले, मागे भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे राहिले, आणि इतिवृत्तावर सह्या घ्यायच्या वेळी बघते तर नाहीत. गेले सूर्यास्ताकडे. म्हणजे लिफ्टने.

एकट्याचा स्वभाव म्हणे! अहो, ज्याने हा एकटा माणूस जन्माला घातला तो कोण होता, माहीत आहे का? जिम ग्रँट, ली चाइल्ड हे त्याचं टोपणनाव. मँचेस्टरला ग्रॅनाडा टेलिव्हिजनमध्ये नोकरी करत होता आणि तिथल्या कामगार संघटनेचा प्रतिनिधी होता. कपात आली तेव्हा इतरांसाठी व्यवस्थापनाशी भांडत होता, १९९५मध्ये स्वतःची नोकरी गेली, मग कादंबरी लिहायला बसला. नायकाचं आडनावसुद्धा बायकोबरोबर सुपरमार्केटमध्ये सामान आणायला गेला असताना सापडलं. पुढे दरवर्षी १ सप्टेंबरला टेबलाशी बसून नवं पुस्तक सुरू, एखाद्या कारकुनासारखं. २०२०मध्ये मालिका धाकट्या भावाच्या हाती दिली. एकट्या भटक्याचा सगळा कारभार असा भावाभावांत आणि तारीखवार चाललेला!

आणि आपल्याकडे? बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्या नायकांपैकी धनंजयबरोबर छोटू होता, झुंजारबरोबर विजया होती. समर्थ बोहल्यावरून पळाले म्हणतात, ते गोष्टीत तेवढंच लक्षात ठेवता तुम्ही. पुढे जागोजागी मठ काढले, माणसं जोडली, ते सोयीस्कर विसरता.

पुस्तकं वाचा हो. माझ्याकडूनही न्या. पण तुम्हाला त्या नायकातलं आवडतं काय, ते तरी कबूल करा. त्याची हिंमत नाही आवडत तुम्हाला, हिंमत लागली असती तर टँकरवाल्याला "पाइप लावायच्या आधी मीटर दाखव" एवढं म्हणाला असतात. तुम्हाला आवडतं त्याचं निघून जाणं. आणि तुम्ही तर निघूनही जात नाही! घर तेच, डबा तोच, इस्त्रीचे कपडे रोज खुर्चीवर हजर, पाणी कुणीतरी भरून ठेवलेलं, आणि वर तोरा भटक्याचा. कुणाच्या जिवावर भटकताय? कुणीतरी अंगावर घेईल म्हणून सगळे वाट बघत बसलात, आणि जी बाई घेते तिला मागून "फार पुढे पुढे करते" म्हणता. ऐकू येतं मला. जिन्यात आवाज घुमतो.

रविवारी सकाळी सात ते दहा टँकर मोजायचे आहेत. दोघांची पाळी, अर्ध्या-अर्ध्या तासाची, यादी लिफ्टशेजारी लावली आहे. खाली खुर्ची ठेवते, बसून काय वाचायचं ते वाचा. टँकर आला की उठायचं, आकडा लिहायचा, सही करायची, आणि ती वाचता येईल अशी करायची.