सम्राट व्हायचंय? आधी रेल्वेचा कारकून शोधा

लाखांची फौज उभारायची हौस आहे ना? मग तलवारीला धार लावत बसू नका. रेल्वेचं वेळापत्रक आखणारा एखादा चिवट कारकून गाठा. नेपोलियनच्या नशिबी तो नव्हता. १८१२ साली तो सहा लाखांच्या आसपास माणसं रशियात पायी घेऊन गेला आणि शत्रूपेक्षा भूक, ताप नि थंडीनेच जास्त गिळली. उलट १८७० साली प्रशियाच्या (जर्मनांचं तेव्हाचं सर्वात बलाढ्य राज्य) सेनापती मोल्टकेसाहेबांनी साडेचार लाखांहून अधिक माणसं अठरा दिवसांत आगगाडीने फ्रान्सच्या सरहद्दीजवळ उतरवली. रूळ फ्रान्सकडेही होते हो. पण त्यांचे राखीव शिपाई आपली पलटण कुठे आहे ते विचारत हिंडत होते.

तोफांसाठी कारखानदारावर भरवसा ठेवा, तो दुजाभाव करत नाही. जर्मनीतल्या एसेन शहरच्या पोलाद कारखानदार क्रुपने १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात पन्नास टनांची पोलादी तोफ मांडली. पॅरिसकरांनी कौतुकाने पाहिली. चार वर्षांच्या आत क्रुपच्या तोफांचे गोळे पॅरिसवर पडले. घरपोच!

आता माणसं. गिरणीत ती आयती घडतात: भोंग्यावर उठतात, भोंग्यावर जेवतात, ‘का’ म्हणून विचारत नाहीत. फक्त फार कोवळी असताना पिळू नका. १८२८ साली प्रशियाच्या जनरल हॉर्नने राजाला कळवलं, की कारखान्यांच्या मुलखातून भरतीचा आकडाच पुरा होत नाही, पोरं खंगलेली निघतात. राजाला पाझर फुटला. अवघ्या अकरा वर्षांत कायदा झाला: नऊ वर्षांखालचं मूल कारखान्यात घेऊ नये. (नववा वाढदिवस झाला की हरकत नव्हती.)

जेवणाचं म्हणाल तर १८१० साली पत्र्याच्या डब्यातलं अन्न निघालंच. डबा उघडायचं खास हत्यार यायला पुढे चाळीसहून जास्त वर्षं लागली. तोवर छिन्नी-हातोडी चालवा.

एक मात्र पाळा. वेळापत्रक पक्कं झालं की सम्राटाने त्यात हात घालू नये. १ ऑगस्ट १९१४ला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मला वाटलं, इंग्लंड लढाईत पडणार नाही. मग फ्रान्स सोडून सगळी फौज रशियाकडेच वळवू. सेनापती होता जुन्या मोल्टकेचा पुतण्या. तो म्हणाला, जमणार नाही. लाखो माणसांची आखणी झालीय, ती आयत्या वेळी बदलता येत नाही.

कैसर चिडून म्हणाला, “तुझ्या काकांनी वेगळं उत्तर दिलं असतं.”