‘बारभाईंची खेती’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमावरच्या आमच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की शाळा, ग्रामपंचायत, बचत गट, कॉलेज आणि एखादी स्वयंसेवी संस्था यांनी मिळून प्रौढांना शिकवायचं म्हणजे बारभाईंची खेती. त्यापेक्षा एकाच संस्थेला काम द्या, पगारी माणूस नेमा, नाहीतर परीक्षेत नातवंडंच पेपर लिहिणार.

पगाराचा मुद्दा मान्य. याआधीच्या ‘साक्षर भारत’ योजनेत (२००९ ते मार्च २०१८) ग्रामपंचायतीमागे दोन प्रेरक, म्हणजे गावातलं साक्षरतेचं काम पाहणारी माणसं, असायचे, महिना २,००० रुपये मानधनावर. रक्कम तुटपुंजी, पण वर्ग बंद पडला तर कुणाला धरायचं हे गावाला ठाऊक होतं. ‘उल्लास’मध्ये शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला काहीच मिळत नाही. पाच वर्षांना १,०३७.९० कोटी रुपये आणि उद्दिष्ट पाच कोटी लोकांचं. भागाकार केलात तर माणशी २०८ रुपयेही पडत नाहीत, आणि त्यातच पुस्तिका, प्रशिक्षण, परीक्षा. पगार निघणार कुठून?

एकाच संस्थेचं मात्र पटत नाही, कारण गाडी पहिल्याच पायरीला अडते. निरक्षर कोण, हे त्या संस्थेला सांगणार कोण? शिक्षक दारात गेले की ‘येतं आम्हाला’ असं उत्तर मिळतं. सही गिरवता येणारा माणूस स्वतःला निरक्षर म्हणवून घेत नाही. रेशन दुकानातून कळेल म्हणावं, तर तिथे यंत्रावर पदवीधरही अंगठाच लावतो. बचत गटाच्या सचिव बाईंना मात्र पक्कं माहीत असतं, की हजेरीवर सही कोण करते आणि कर्जाचा आकडा शेजारणीकडून वाचून कोण घेते. म्हणून नावं गटाने द्यावीत, शाळेने ती ‘उल्लास’च्या ॲपवर चढवावीत. गोव्यात पंचायत, नगरपालिका, समाजकल्याण, महिला-बालविकास अशी खातीच नावं शोधायला लावली होती. मे २०२५ मध्ये राज्य पूर्ण साक्षर जाहीर झालं. (केंद्राच्या व्याख्येत ‘पूर्ण’ म्हणजे ९५ टक्के. मथळ्यात हे मावत नाही.)

बिघाड होतो तो एकाचं काम दुसऱ्याच्या हातात जाताना. यादी पावसाळ्यात केली आणि परीक्षा मार्चमध्ये आली (२०२४ ला १७ तारखेला, २०२५ ला २३ तारखेला), तर बीडकडच्या गावात काय होणार? ऊसतोडीच्या जोड्या दिवाळीच्या सुमारास फडावर जातात आणि गाळप आटोपेपर्यंत परतत नाहीत. यादीत त्या ‘गैरहजर’. उपाय साधा आहे: यादीत ‘हंगामात कुठे’ असा रकाना, त्यात मुकादमाचा फोन, आणि या लोकांचा वर्ग जून ते दिवाळी उरकून घेणं. कॉलेजचंही तसंच. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, पण सत्र परीक्षा लागली की ती गायब होतात. त्यांना मदतनीस ठेवा. मुख्य शिकवणारी गावात राहणारीच हवी, शिकलेली सून असली तर उत्तम.

आणि डोळे! ‘आता काही डोक्यात शिरत नाही’ म्हणणाऱ्या बाईला पुष्कळदा नुसती चाळिशी लागलेली असते. पुस्तिका हातात दिल्यावर ती हात लांबवते का, एवढं पाहिलं तरी कळतं. ही तपासणी आरोग्य उपकेंद्राने पहिल्या वर्गाआधी करायची. डिसेंबरच्या शिबिरात चष्मा मिळेपर्यंत ती वर्ग सोडून गेलेली असते.

नातवंडं पेपर लिहितात, हे नाकारत नाही. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० असे १५० गुण, प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. सकाळी १० ते ५ दरम्यान आपल्या सोयीने यायचं आणि तीन तासांत लिहायचं. ज्या शाळेने नावं नोंदवली आणि जिच्यावर आकड्याचं ओझं, तीच पर्यवेक्षण करते. दोन शेजारच्या शाळांनी त्या दिवसापुरते शिक्षक अदलाबदल केले, तर निम्मं दुखणं जाईल. यासाठी वेगळी संस्था लागत नाही, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं की झालं.

आमची खरी तक्रार परीक्षेनंतरच्या काळाबद्दल आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र हातात आलं की शाळेच्या लेखी काम संपलं. आणि तीच बाई बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर ‘अक्षरी रुपये’ या ओळीपाशी थांबते. ‘१५००’ तिला लिहिता येतं, ‘एक हजार पाचशे’ कुणी लिहून घेतलेलंच नसतं. पुस्तिकेत आकडे मराठी, फोनवर इंग्रजी, हाही घोळ. इथे गटाची मासिक बैठक कामाला येते: बँकेतून कोऱ्या स्लिपा आणायच्या आणि प्रत्येकीने आपल्या हप्त्याची रक्कम दोन्ही तऱ्हांनी लिहायची. दहा मिनिटं पुरतात. स्लिपा कोण आणणार, हे आधीच्या बैठकीत नावानिशी ठरवून इतिवृत्तात लिहा.