खुनी कोण, ते मला माहीत आहे

रहस्यकथा वाचलेल्या माणसाने तिच्यावरची मालिका घरच्यांबरोबर बघू नये. आमच्या फोंड्याच्या घरी आत्या, बाबा आणि बायको असे तीन तपास अधिकारी, आणि अगाथा ख्रिस्ती वाचलेला मी एकटा आरोपी. "तुला ठाऊक आहे ना रे? मग सांग की!" असं आत्या प्रेत सापडायच्या आधीच म्हणते. सांगितलं तर बायको अबोला धरते, न सांगितलं तर आत्या.

डेव्हिड सुशे या नटाने रंगवलेला ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो आमच्याकडे लाडका. १९८९ ते २०१३ या काळात ७० भाग त्याने तीच मिशी सांभाळत काढले. ती तुरुतुरु चाल जमावी म्हणून सुशे म्हणे ढुंगणात नाणं घट्ट धरून चालायचा सराव करायचा. हे मी कौतुकाने सांगायला गेलो, तर आत्याचं निदान आधीच तयार होतं. "ह्याका मूळव्याध आसा दिसता."

आत्याने एकही रहस्यकथा वाचलेली नाही. ती नटांवरून खुनी ओळखते. "हा त्या दुसऱ्या मालिकेत केवढा मोठा होता! त्याला इथे नुसता चहा ओतायला आणतील काय?" आणि बहुतेक वेळा तोच निघतो. पॉयरोच्या मेंदूतल्या करड्या पेशी एवढ्या झिजतात त्या उगाचच.

खरी परीक्षा शेवटी. संशयितांना दिवाणखान्यात बसवून पॉयरो बोट वर करतो, आणि नेमका तेव्हाच रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों वाजतो. बायको बटण दाबून चित्र थांबवते. आत्या पिशवी घेऊन फाटकाशी जाते. उंडे पाव चार घ्यायचे, पण गप्पा अख्ख्या वाड्याच्या. इकडे पॉयरोचं बोट हवेत, संशयित तोंडं अर्धवट उघडून बसलेले, आणि बाबा पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघतायत. माझी नजर कोणावर जाते, यावर त्यांची पाळत! मी घाबरून कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघत राहतो. "अस्सं! म्हणजे माळी," बाबा म्हणतात.

तरी पॉयरो परवडला. २००४ पासूनच्या मालिकेत ख्रिस्तीबाईंच्या दुसऱ्या गुप्तहेर मिस मार्पलबाई ज्या कादंबऱ्यांत मुळात नाहीतच, त्यांतही शिरल्या, चवथीला न बोलावता येऊन गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला घेणाऱ्या नातेवाइकासारख्या. 'ऑर्डील बाय इनोसन्स' ही १९५८ ची कादंबरी. २००७ मध्ये तिच्यात मार्पलबाई घुसवल्या. २०१८ मध्ये बीबीसीने त्यांना बाहेर काढलं, हे बरंच केलं, पण जाता जाता खुनीच बदलला!

हे मला कुठे माहीत? बीबीसीचे तिन्ही भाग मी ओठ शिवून बसलो. आत्याने नारळाच्या वड्यांची लाच दिली. वड्या खाल्ल्या, पण फुटलो नाही. आणि शेवटी भलताच माणूस खुनी! मी ताडकन उठून "हा नव्हे, हा नव्हे!" असं ओरडलो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "तू पुस्तक नक्की वाचलंयस ना?"

मी कपाटातून कादंबरी काढली, शेवटची पानं उघडून पुराव्यादाखल समोर धरली. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पुस्तक आत्याकडे दिलं. आत्याला इंग्रजी येत नाही, पण तिने पान उलटसुलट करून बघितलं.

"छापताना चुकले असतील," ती म्हणाली.