मावशी, तो मेसेज राहू दे, ऊठ

मावशीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. डॉक्टर म्हणाले, घरी जा. तर ही पलंगाचा कठडा धरून बसली. भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'ऑपरेशननंतर दहा दिवस दवाखाना सोडू नका. पाच दिवस पलंगाखाली उतरू नका, टाके उसवतात. लवकर घरी पाठवतात ते बेड रिकामा करायला. वरण-भात खाल्ला की टाके पिकतात.'

पाच दिवस खाली उतरू नका? हे लिहिणाऱ्याला काही कल्पना आहे का? ऑपरेशननंतर रक्त आधीच गोठायला टेकलेलं असतं. चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात. माणूस पडून राहिला की ते पायातच साचतं, गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. शिवाय पडून पडून छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. आणि टाके? पोटाच्या आतले थर शिवलेले असतात, चार पावलांनी ते उसवत नाहीत. सिस्टरने मावशीला आधी कुशीवर वळवलं, पाय खाली सोडायला लावले, पोटाशी उशी धरायला दिली. दारापर्यंत गेली, घामाघूम झाली, पण गेली. टाके जागच्या जागी.

दहा दिवसांचं म्हणाल, तर डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांच्या चमूने 2000 साली मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या 60 रुग्णांची माहिती छापली. निम्म्यांचं वय 74 च्या पुढे. वेदना नीट आवरल्या, लवकर खायला दिलं, लवकर चालवलं. निम्म्याहून जास्त जण दोन दिवसांत घरी गेले. हृदय-फुप्फुसाची गुंतागुंत एकालाही झाली नाही. दवाखान्यात जास्त दिवस काढले की तिथले जंतू लागायची भीती वाढते, ते वेगळंच.

आता बेड रिकामा करण्याचं. यात तथ्य अजिबात नाही असं मला म्हणता येणार नाही. सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये दवाखान्याला मिळणारी रक्कम ठरलेली असते, दिवस वाढले म्हणून वाढत नाही, त्यामुळे घाई होऊ शकते. केहलेटच्या रुग्णांतलेही 15 टक्के परत भरती झाले होते, बरेचसे थोड्या देखरेखीपुरते. म्हणून ताप असताना, लघवी होत नसताना, पोटात काही टिकत नसताना घरी पाठवत असतील तर ठाम नकार द्या. दिवस मोजून नव्हे, तब्येत बघून.

वरण-भाताने पू होत नाही, जंतूंमुळे होतो. साखर असेल तर ती ताब्यात ठेवा. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती वरणात आहेत.

मावशी संध्याकाळी घरी आली. फ्रिजवर कागद चिकटवलाय: ताप, एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं, दम लागणं, टाक्यांतून पू, अंगावरून जास्त रक्त. खाली डिस्चार्ज कार्डावरचा नंबर. यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजताही फोन करायचा, भिशीच्या ग्रुपवर विचारत बसायचं नाही.