पेस्ट दातांना लावतात, भाजलेल्या पायाला नव्हे
आज सकाळी आमच्या फोंड्याच्या वाड्यावर शेजारच्या चार वर्षांच्या मुलाच्या पायावर कढत पेज सांडली, आणि मी पोहोचेपर्यंत त्याच्या आजीने टूथपेस्टची अर्धी ट्यूब त्या पायावर रिकामी केली होती. मी पाय नळाखाली धरला, तर "आमच्या घरात आजवर हेच करत आलोत" असे मलाच ऐकवण्यात आले.

माझ्या आत्याच्या बाबतीतही हेच झाले होते. चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या तळताना कढईतले तेल तिच्या हातावर उडाले, घरच्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत पेस्ट थापली आणि दहा मिनिटे तिला बरेही वाटले. पेस्टमधल्या मेन्थॉलमुळे त्वचेला गारव्याचा नुसता भास होतो. आतली उष्णता तशीच राहते आणि कातडी भाजतच जाते. ती उष्णता उतरवायला वीस मिनिटे साधे वाहते पाणी लागते. आमच्या परसात विहीर होती. भाद्रपदातली, काठोकाठ भरलेली!

रुग्णालयात पोहोचेपर्यंत पेस्टचा पांढरा पापुद्रा झाला होता. तो निघाल्याशिवाय हात किती खोल भाजला आहे हे डॉक्टरांना दिसेना, म्हणून परिचारिकेने ओल्या गॉजने तो खरवडला, आणि तेल उडाले तेव्हा ब्रही न काढलेली आत्या तेव्हा किंचाळली. सूज येण्यापूर्वी बांगड्या काढायचे कोणाला सुचलेच नव्हते, कारण सगळे ट्यूब शोधण्यात गुंतले होते. शेवटी सणासाठी भरलेला हिरवा चुडा वाढवावा लागला, आणि त्यासाठी ती हातापेक्षा जास्त रडली.

हळद, कॉफीची पूड, लोणी, सगळ्यांची तीच गत. बर्फाने तर भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. जखमेवर डॉक्टरही मध वापरतात हे मान्य, पण तो निर्जंतुक केलेला असतो, आपल्या फडताळातला नव्हे.

सकाळी मी आजींवर आवाज चढवला, तो चढवायला नको होता. त्यांचे हात थरथरत होते, ट्यूबचे झाकणही हातातच राहिले होते. मुलाला डॉक्टरांना दाखवून आणल्यावर त्यांनी हळूच विचारले, "वीस मिनिटं म्हणजे किती रे?" मी म्हटले, "चवथीला घुमट वाजवत आरत्या चालतात, तेवढा वेळ धरा." त्या नातवाकडे बघून म्हणाल्या, "तेवढा वेळ हा एका जागी उभा राहील होय?"