थर्माकोलची पृथ्वी

परवा रात्री साडेनऊला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. उद्या सीनियर केजीच्या लेकरांनी 'सेव्ह अर्थ' प्रोजेक्ट आणायचा, थर्माकोलची पृथ्वी आन् तिच्यावर पांढरं अस्वल. साडेनऊला लातुरात कुठलं स्टेशनरीचं दुकान उघडं असतंय? शेवटी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल काढला, कापता कापता त्याचे मणी घरभर उडायलेत, आन् लेक विचारायलीय, "आई, अस्वलाला काय झालं?" म्हटलं, त्याचा बर्फ वितळायलाय. "फ्रीजमधला?" झोप आता माय.

राग अस्वलावर नाही हो. पण ज्या गावात १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, दहा वाघिणींत पाच लाख लिटर, त्याच्या आधी मार्चात पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावावी लागली, त्या गावातल्या लेकराला हवामान शिकवायला उत्तर ध्रुव कशाला पाहिजे? तेव्हा मी स्वतः घागरी घेऊन रांगेत होते. लेक नंतर जन्मली, तरी नळ आला की तिचा तांब्या घेऊन पहिली पळतीय. आन् २०२५ च्या सप्टेंबरात उलटंच, मराठवाडाभर पूर. नणंदेच्या शिवारात मांजरेचं पाणी घुसलं, तिचा चार वर्षांचा पोरगा अजून आभाळ भरून आलं की म्हणतो दप्तर माळ्यावर ठेवा. त्याला 'पृथ्वी संकटात आहे' सांगून अजून भेदरवायचंय का? त्यापेक्षा पाणी चढलं तर कुणाचा हात धरायचा, कुठल्या उंच जागी जायचं, हे खेळातनं दहादा करून घ्या की.

सासरच्या गावची अंगणवाडी पत्र्याची. एप्रिलात अकरा वाजता आत उभं राहवत नाही, आन् लहान लेकराचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतंय, खेळण्याच्या नादात ते तहानही सांगत नाही. तिथल्या सेविकाताई (वजनं, खाऊ, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, सगळं त्यांच्याच गळ्यात, मानधन किती ते विचारू नका) लेकरांना कडूलिंबाखाली बसवतात. सावली संपते तिथं खडूनं रेघ मारतात. तासाभरानं लेकरंच वराडतात, "बाई, सावली सरकली!" मग सतरंजी वढायची, नवी रेघ मारायची, सगळ्यांनी माठातलं एकेक फुलपात्र पाणी प्यायचं. तळाला उरलेलं लिंबाच्या बुडात. झाला तास.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा केलाय, खेळातनं शिकवा म्हणलंय. ताईंनी ते धोरण वाचलंय का माहीत नाही, पण रेघ मारायलेत. आन् आमच्या शाळेत एवढी फी भरून थर्माकोल. मॅडमला बोलले तर म्हणल्या वरून थीम आलीय. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही ठाऊक नसेल.

लिंब आहे म्हणून तिथं निभतंय, पण पाऊस आला की परत पत्र्याखालीच. सरपंचाला दोनदा सांगून झालंय, "बघू की ताई". तोवर पत्र्यावर चुना मारावा का खालून बांबूच्या तट्ट्या लावाव्यात, ठरंना. कुणी गावाकडं असलं काही केलं असेल तर खर्चासकट सांगा, मार्चाच्या आत उरकायचंय.